माझ्या आईवर केलेली प्रार्थना

शुक्रवारच्या प्रार्थनेत साहेबांनी माझ्या मेलेल्या आईला घाण म्हटलं, आणि खोलीतली वीस माणसं डोळे मिटून म्हणाली, "होय, प्रभू."

मुलुंडला. अकराव्या मजल्यावर, साहेबांच्या हॉलमध्ये. संध्याकाळचे साडेसात वाजले होते. एसी चालू होता. टीपॉयवर समोसे झाकून ठेवले होते, मीच झाकले होते. सगळे सोफ्यावर, खुर्च्यांवर. मी स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या स्टुलावर. तिथून उठायला बरं पडतं तुला, असं मॅडम म्हणायच्या.

साहेब उभे राहिले. हात पुढे केले, तळवे वर. त्यांचा आवाज मऊ आहे. तुपात बुडवून काढल्यासारखा. ते म्हणाले ते शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत.

"हे दयाळू स्वर्गीय बापा, आमच्या ह्या गरीब बहिणीला आम्ही तुझ्या चरणांशी आणतो. तुला ठाऊक आहे, हिच्या आईने शेवटच्या घटकेला तुझं नाव घेतलं नाही. तिने मरीआईचं नाव घेतलं. प्रभू, तीन पिढ्या झाल्या तरी ह्या लोकांच्या रक्तातली ती घाण निघत नाही. ह्या घराला धुऊन काढ, बापा. आणि आमच्या बहिणीला नम्र वृत्ती दे."

होय, प्रभू. होय, प्रभू. एकामागून एक.

कुणी शिवी दिली असती तर मी ऐकून घेणारी बाई नाही. शिवीला उत्तर देता येतं. प्रार्थनेला उलट बोलता येत नाही. तो माणूस तुमच्याशी बोलतच नसतो ना. तो देवाशी बोलत असतो, तुमच्याबद्दल. मध्ये तोंड घातलंत तर तुम्ही देवाच्या मध्ये आलात. म्हणून ती जागा त्यांना फार सोयीची.

मी एका खाजगी दवाखान्यात आया आहे. पेशंट मला मावशी म्हणतात. बेडपॅन काढते, डायपर बदलते, म्हाताऱ्या माणसांचं अंग पुसते. एकोणीस वर्षं झाली. माणसाच्या अंगातून जे काही निघतं ते सगळं मी हाताने उचललंय. मला कधी किळस आली नाही. पहिल्या आठवड्यात आली असेल. त्या शुक्रवारी त्या थंड, स्वच्छ, सुवासिक हॉलमध्ये मात्र माझ्या पोटातून वर काहीतरी आलं, आणि मला ओकारी येईल असं वाटलं.

आता हे पहिल्यापासून सांगते.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. गावाबाहेरच्या वस्तीतले. आईच्या बापाने बाप्तिस्मा घेतला तेव्हा आई आठ वर्षांची होती. त्याच्या आधी घरात मरीआई होती. आईची आजी तिची पूजा करायची, साथ आली की तिचा गाडा वेशीबाहेर ओढायची. मग येशू आला. आईला दोन्ही आठवायचं. पण तिने येशूला धरलं ते धरलंच. लग्न होऊन मुंबईला आली, मुलुंडच्या डोंगराखालच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत संसार केला, नवरा लवकर गेला, लोकांची भांडी घासून मला वाढवलं. आणि रोज पहाटे प्रार्थना केली. एक दिवस चुकली नाही.

तिची प्रार्थना म्हणजे काय होतं ते सांगायला पाहिजे. ती गुडघे टेकायची नाही, गुडघे गेलेलेच होते. स्टोपाशी बसायची, चहाचं आधण ठेवायची आणि देवाशी बोलायला लागायची. मोठ्याने. शेजारी ऐकायचे.

"बापा, दोन दिस झाले पाणी न्हाई. तुला दिसत न्हाई का? माझ्या लेकीला नोकरी लागू दे. मी काय म्हणते ते ध्यानात ठेव. न्हाईतर उद्या परत विचारीन."

आणि दुसऱ्या दिवशी खरंच परत विचारायची. नोकरी लागली तेव्हा म्हणाली, "उशीर केलास, पर केलंस." मला लहानपणी लाज वाटायची. मोठेपणी कळलं, ती ज्याच्याशी असं बोलायची तो तिच्या घरातला माणूस होता. बाहेरच्या माणसाशी कुणी असं बोलतं का?

मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, तिला प्रार्थनेला कधी उभं केलं नाही. चाळीस वर्षं ती त्या चर्चच्या मागच्या बाकावर बसली. दर शनिवारी जाऊन ते बाक पुसायची, कुणी सांगितलं नव्हतं तरी. पण प्रार्थनेला तिचं नाव कधी कुणी घेतलं नाही.

साहेब म्हणजे आमच्या मंडळीचे एल्डर, चर्चची कमिटी चालवणारे. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. चर्चमध्ये सगळे एकमेकांना भाऊ नाहीतर ताई म्हणतात. त्यांना मात्र सगळे साहेब म्हणतात, आमचे पाळक, म्हणजे पाद्रीसुद्धा. त्यांचे पणजोबा ब्राह्मण होते, पुस्तकं वाचून ख्रिस्ती झाले. साहेब स्वतः हे कधी बोलत नाहीत. मॅडम बोलतात. "आमच्याकडे कुणी भुकेपोटी नाही आलं," असं म्हणतात आणि हसतात. मॅडम म्हणजे त्यांची बायको, इंग्रजी शाळेत शिक्षिका होत्या. मी त्यांना फार मानायची. खोटं कशाला बोलू? त्यांनी भगिनी मंडळात माझं नाव घातलं तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं होतं. शुक्रवारची प्रार्थना त्यांच्याकडे असली की मी तासभर आधी जायची. खुर्च्या लावायची, चहा ठेवायची. ही सेवा आहे असं मला वाटायचं. प्रार्थना फिरतीची होती, आज ह्यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. आमच्या खोलीवर कधी आली नाही. "तुझी जागा लहान आहे गं, तुला कशाला त्रास," असं मॅडम म्हणायच्या. मीही मान हलवायची.

यंदा इस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत साहेबांनी शुक्रवारी एक विषय घेतला. प्रार्थनेची वृत्ती. वही घेऊन या म्हणाले. देवासमोर कसं उभं राहायचं, आवाज किती ठेवायचा, आधी स्तुती करायची, मग पापांची कबुली, मग उपकार, मागणं सगळ्यात शेवटी. मी सगळं लिहून घेतलं. दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी मला उभं केलं. शिकवलेलं सगळं विसरले आणि तोंडातून आईचीच भाषा आली. "बापा, माझी आई आजारी आहे. तिला लवकर बरं कर. तुला जमतं."

दोघंचौघं हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी माझीच प्रार्थना उदाहरणाला घेतली. "बघा," ते म्हणाले, "ही प्रार्थना नाही, ही ऑर्डर झाली. हॉटेलात देतो तशी. दोष हिचा नाही, संस्कार तसे आहेत." मग माझ्याकडे वळून प्रेमाने म्हणाले, "शिकशील हळूहळू."

मी "हो साहेब" म्हटलं. आणि चहा आणायला आत गेले.

मार्चच्या शेवटी आई गेली. घरीच गेली, तिला दवाखान्यात जायचं नव्हतं. शेवटचे तीन दिवस ताप उतरेना. मी रजा टाकून तिच्यापाशी होते. तिसऱ्या दिवशी दुपारी ती कुठेतरी गेली. म्हणजे शरीर इथे होतं, ती गावाला होती. आठ वर्षांच्या आधीच्या गावाला. आजीला हाका मारत होती, शेळी सुटली म्हणत होती. मी चमच्याने पाणी घालत होते, ते गालावरून खाली येत होतं. तिने माझ्या अंगावरून पलीकडे बघितलं आणि लहान मुलीच्या आवाजात म्हणाली, "मरीआई, पाणी दे गं."

त्यानंतर काही बोलली नाही. तासाभराने गेली.

मला ते वाक्य झोपू देईना. मी शिकलेली बाई नाही, पण बायबल वाचते. येशूच्या नावाशिवाय तारण नाही हे मला लहानपणापासून पाठ. मग माझ्या आईचं काय झालं? पन्नासच्या वर वर्षांच्या पहाटा एका बाजूला आणि ते एक वाक्य दुसऱ्या बाजूला. देव काय धरणार? हे मी कुणाला विचारू? पाळक वयाने माझ्याहून लहान. मी मॅडमना विचारलं. मातीनंतर आठव्या दिवशी, त्यांच्या स्वयंपाकघरात, दार लावून. रडत होते. म्हटलं, मॅडम, हे फक्त तुम्हाला सांगते.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "आम्ही प्रार्थना करू हं तुझ्यासाठी."

मला किती हलकं वाटलं होतं. आज ते आठवलं की तो हात डोक्यावरून खरवडून काढावासा वाटतो.

त्यांनी प्रार्थना केली. त्याच शुक्रवारी. वीस जणांत.

तर साहेब "नम्र वृत्ती दे" म्हणाले आणि मी डोळे उघडले. प्रार्थना चालू असताना डोळे उघडायचे नसतात, मी आयुष्यात कधी उघडले नव्हते. समोर सगळे मिटलेले चेहरे. भुवया जवळ आणलेल्या, जणू त्यांनाच दुखतंय. एक बाई ओठ दाबून होती, तिला हसू आवरत नव्हतं की रडू ते मला कळलं नाही. मॅडमचे डोळे उघडे होते. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी कशी ऐकते, रडते का, हे बघत होत्या. माझी नजर गेली तशी त्यांनी पटकन डोळे मिटले आणि म्हटलं, "होय, प्रभू."

तेव्हा ती मळमळ आली.

साहेबांनी संपवलं. येशूच्या नावाने मागतो. सगळे म्हणाले, आमेन. आणि मग शांतता झाली, कारण माझं आमेन आलं नव्हतं. ज्याच्यासाठी प्रार्थना होते त्याने ते मोठ्याने म्हणायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. सगळे थांबले. साहेबांनी एक डोळा उघडून पाहिलं.

मी उभी राहिले. स्टूल मागे सारलं. आणि म्हटलं.

"ह्या प्रार्थनेला माझं आमेन नाही."

मॅडम म्हणाल्या, "अगं, बस."

"नाही बसत. माझी आई तापात होती. तिला तहान लागली होती. मी ते तुम्हाला दार लावून सांगितलं होतं, मॅडम. साहेब, तुम्हाला माझ्या आईला घाण म्हणायचं होतं तर माझ्याकडे बघून म्हणायचं. देवाला मध्ये कशाला घेतलं?"

साहेब शांतपणे म्हणाले, "हीच ती वृत्ती. हेच मी शिकवत होतो."

मी चपला घातल्या आणि निघाले. लिफ्टची वाट बघितली नाही. अकरा मजले उतरले. खाली वॉचमनच्या खुर्चीमागे जाऊन ओकले. त्याने पाण्याची बाटली दिली. त्याला मी नेहमी भैया म्हणून पुढे जायची, त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा चेहरा नीट बघितला.

तीन दिवसांनी पाळक घरी आले. चांगला माणूस आहे, भित्रा आहे. चहा घेतला, आईच्या फोटोकडे बघितलं, मग हळूच मुद्द्यावर आले. साहेबांचा हेतू वाईट नव्हता, प्रार्थनाच तर केली होती. तुम्ही पुढच्या शुक्रवारी येऊन दोन शब्द माफीचे म्हणा, विषय संपेल. नाहीतर भगिनी मंडळातून काही दिवस बाजूला राहावं लागेल. आणि रूथचं दृढीकरण यंदा नको, असं कमिटीचं मत पडतंय. घरातलं वातावरण निवळू दे.

रूथ माझी मुलगी. पंधरा वर्षांची. वर्षभर दृढीकरणाच्या वर्गाला जात होती, ते झालं की मुलं मंडळीची पुरी सभासद होतात. पांढरा ड्रेस शिवून तयार होता.

मी पाळकांना विचारलं, "रविवारी माईकवरून मी तुमच्या आईसाठी अशी प्रार्थना करू का? तिच्या रक्तातली घाण काढ म्हणून? चालेल?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ताई, मला ह्याच मंडळीत राहायचंय."

"मलाही," मी म्हटलं.

ते गेल्यावर रूथ माझ्यावर चिडली. "सॉरी बोलून टाक ना आई. एका मिनिटाचं काम आहे यार. माझ्या सगळ्या मैत्रिणी होतायत." तिचं खरं होतं. मी तिला तोवर काही सांगितलं नव्हतं. मग साहेबांचे शब्द एकेक करून सांगितले. न रडता. ती ऐकत गेली. शेवटी एवढंच म्हणाली, "आजीला?" आणि ड्रेसची पिशवी उचलून पेटीत टाकली. मला त्याचा अभिमान वाटला नाही. राग आला. पंधरा वर्षांच्या मुलीला असलं काही उचलायला लावणाऱ्या माणसांचा राग.

दवाखान्यात माझ्या जोडीला कविता असते, घाटकोपरची, बौद्ध. तिला सांगितलं तर तिने बेडशीटची घडी घालता घालता विचारलं, "जाते कशाला मग तिथे? आमच्या बाबासाहेबांनी काय सांगितलंय? जिथे मान नाही तिथे पाऊल ठेवायचं नाही. तू ये आमच्यात." ती मस्करी करत नव्हती. मी बरेच दिवस विचार केला. तिच्या बोलण्यात ताकद आहे. पण येशू साहेबांच्या मालकीचा आहे हे मी कबूल केलं असतं तरच मी त्याला सोडून निघाले असते. मी ते कबूल करत नाही.

आणखी एक सांगायचं आहे. ते टाळलं तर ही साक्ष खोटी ठरेल.

दोन वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. आमच्या मंडळीतल्या सुलभाताईंना मूल नाही. त्यांनी एकदा बसस्टॉपवर मला त्यांच्या उपचारांचं सांगितलं होतं, नवऱ्याने काय बोलून दाखवलं तेही. मी पुढच्या शुक्रवारी मॅडमच्या हॉलमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना केली. प्रभू, सुलभाताईंची कूस उघड, त्यांच्या नवऱ्याचं मन वळव. सगळ्यांसमोर. सुलभाताई तिथेच बसल्या होत्या. मॅडम नंतर मला म्हणाल्या, "आज छान केलीस प्रार्थना." मी फुलून गेले होते. सुलभाताई त्यानंतर शुक्रवारी आल्या नाहीत. का नाही आल्या, मी विचारलंही नव्हतं.

तर मी त्यांच्याकडे गेले. दारातच सांगितलं, माफी मागायला आलेय. त्यांना कशाची ते लगेच कळलं. आत बोलावलं, पंखा लावला, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नव्हते. तुझ्यावर माझा विश्वास होता गं." माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. मी माफी मागितलीही नाही दुसऱ्यांदा. साहेबांची किळस आली तशी मला माझीही आली. ती येऊ दिली. ती यायलाच हवी होती.

रविवारच्या उपासनेत आमच्याकडे मोकळ्या प्रार्थनेची वेळ असते. ज्याला वाटेल त्याने उभं राहायचं. नेहमी ठरलेलीच चारपाच माणसं उभी राहतात. आईला जाऊन दोन महिने झाले त्या रविवारी मी उभी राहिले. मागच्या बाकावरून. स्तुती केली नाही, क्रम पाळला नाही.

"बापा, माझी आई तुझ्याकडे आली असंल. तिने पन्नास वर्षं रोज तुला उठवलं. मरताना तिला तहान लागली तेव्हा तू कुठे होतास? तिने जिला हाक मारली तिच्यावर रागावू नको. आईवर तर न्हाईच न्हाई. तिला पाणी दे. दिलंस का, ते मी पुढच्या रविवारी विचारीन."

मध्येच कीबोर्डवाल्याने पुढच्या गीताचा सूर धरला. कुणीतरी त्याला खूण केली असणार. मी आवाज चढवला आणि शेवटपर्यंत बोलले. येशूच्या नावाने म्हटलं. माझं आमेन मी एकटीने म्हटलं. मागून कुणीतरी हळू आवाजात म्हटलं, ते कोण होतं हे मी वळून बघितलं नाही.

साहेब पुढच्या बाकावर होते. त्यांनीही मागे वळून बघितलं नाही.

त्याच आठवड्यात चर्चच्या फळ्यावर सूचना लागली. मोकळ्या प्रार्थनेत शिस्त राहावी म्हणून इच्छुकांनी आपली नावं शनिवारपर्यंत एल्डरांकडे द्यावीत. ज्यांची नावं मंजूर होतील त्यांनीच उभं राहावं. खाली साहेबांची सही. वाचून मी तिथेच उभी राहिले. बाजूला दोघीजणी उभ्या होत्या, त्या मला बघून निघून गेल्या. देवाशी बोलायला आता ह्यांची मंजुरी लागणार. आणि ती द्यायला, माझ्या आईला घाण म्हणणारा माणूस बसणार.

लोक मला वेगवेगळं सांगतात. दुसऱ्या चर्चमध्ये जा, भांडुपला एक नवीन आहे, तिथे गिटार वाजवतात. थोडे दिवस गप्प बस. मुलीचं बघ. साहेब वयस्कर आहेत, किती दिवसांचे. मी सगळं ऐकते.

माझ्या आईने तहानेने मरीआईला हाक मारली. त्याची माफी मी मागणार नाही. साहेबांकडे नाही, कमिटीकडे नाही. रूथचं दृढीकरण त्यांनी पाच वर्षं अडवलं तरी नाही. देवाने स्वतः मागितली तर त्यालाही मी नाही म्हणेन, तोंडावर.

आणि मी कुठेही जाणार नाही. माझ्या आईने पुसलेले बाक आहेत ते. कुणाला माझ्याशेजारी बसायची किळस येत असेल तर त्याने उठून जावं.

रविवारी साडेनऊला उपासना आहे. मी नाव दिलेलं नाही. देणारही नाही. मी उभी राहणार आहे.